अख्खा पूल

आमच्या घरात एक अंधारी खोली होती आणि तिच्यावर आईचा आणि आप्पांचा सारखाच दावा होता. आई तिला कोठी म्हणायची, आप्पा डार्करूम. डावीकडच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सांडगे, कुरडया. उजवीकडच्या फळीवर फोटो धुवायच्या डेव्हलपरच्या आणि हायपोच्या बाटल्या, आणि आईनं चुकून त्यातलं काही आमटीत ओतू नये म्हणून प्रत्येक बाटलीवर आप्पांनी लाल रंगानं काढलेली कवटी. आईला चांगलं लिहितावाचता यायचं, त्यामुळं त्या कवट्यांचा तिला मनस्वी राग. "मला अक्षर कळत न्हाई व्हय? तोंडं कसली काढून ठिवलीत!" असं म्हणून एके दिवशी तिनं आपल्या बरण्यांवरही कवट्या काढल्या, कारण आप्पा लाल दिव्याखाली फोटो धुताधुता कैरीच्या फोडी खायचे. खोलीचं दार आतून बंद असलं की बाहेरून उघडायचं नाही, हा घरातला पहिला कायदा. मग आई ओल्या हातानं दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "मीठ पायजे." आतून आवाज यायचा, "जरा थांब, नवरीचं तोंड उमटाय लागलंय." आई म्हणायची, "नवरी थांबंल. आमटी थांबत न्हाई." लसणाची फोडणी आणि हायपोचा आंबूस वास हे दोन्ही मिळून जो एक वास होतो, तो मला आजही कुठं आला तर भूक लागते. धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या कुरडयांच्या शेजारी दोरीवर चिमट्यानं लटकायच्या. एकदा एका मुलीच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोवर आईच्या हळदीचं बोट उमटलं. आप्पा हादरले. मुलीच्या घरच्यांनी मात्र तो शुभशकुन समजून आणखी प्रती मागितल्या.

आप्पा फौजेत हवालदार होते, पूल बांधणाऱ्या पलटणीत. आमचं मूळ गाव पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठाला. तिथली थोडी शेती चुलत्यांच्या हवाली करून, पेन्शन झाल्यावर, माझ्या कॉलेजसाठी म्हणून ते सांगलीत आले आणि गावभागात घाटाच्या वाटेवर पुढच्या खोलीत त्यांनी स्टुडिओ थाटला. माझं सगळं लहानपण ते सुट्टीवर येणारे पाहुणे होते. त्यामुळं कायमचे घरी आले तेव्हा आम्ही दोघी थोड्या बिचकूनच होतो. ते मला "रिपोर्ट दे" म्हणायचे, म्हणजे कॉलेजात काय झालं ते सांग. जेवताना ताट पुढं आलं की आधी "रेडी?" विचारायचे, आणि आई मला हळूच म्हणायची, "आता वांग्यानं काय सलाम ठोकायचा काय?" पुलांचं मात्र त्यांचं एक दुखणं होतं. नदीवर लोखंडी होड्या ओळीनं जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या, गाड्या पलीकडं काढायच्या आणि पूल पुन्हा उचलून न्यायचा, हे त्यांचं काम. "आमचा पूल म्हंजी खाट गं. घातली, झोपलो, उचलली," असं ते हसत सांगायचे. पण फोटो काढायला मनाई होती, आणि इतक्या वर्षांत बांधलेला एकही पूल त्यांना कुणाला दाखवता येत नव्हता. माझे मामा दरवेळी विचारायचे, "दाजी, नेमका कुठला पूल बांधला तुमी?" आणि आप्पा घोटभर पाणी पिऊन विषय बदलायचे.

पुण्याहून जुन्या बाजारातून आप्पांनी एक वाइड लेन्स आणली, तिथून ही गोष्ट सुरू होते. वाइड म्हणजे जिच्यात जवळ उभं राहूनही सगळं मावतं. लग्नातले ग्रुप फोटो काढताना आप्पांना मागं सरकत सरकत एकदा गोठ्यात, एकदा आचाऱ्याच्या चुलाण्यापर्यंत जावं लागलं होतं, त्यावर हा उपाय. पहिलंच लग्न तासगावकडच्या एका बागायतदारांचं. सगळं गोत एका फोटोत मावलं, आप्पा खूश. पण वाइड लेन्सची एक खोड असते. मधली माणसं ठीक येतात आणि कडेची पसरतात. आणि त्या फोटोत अगदी कडेला, मानानं, वरमाई उभ्या होत्या.

त्या फोटो घेऊन जीपमधून आल्या. स्टुडिओत खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. फोटो काउंटरवर आपटून त्यांनी विचारलं, "ह्यात मी कुठं हाय?"

आप्पांनी बोट दाखवलं.

"ही मी? ही कणगी हाय! हिच्यात चार पोती जोंधळा मावंल!" मग त्यांनी फोटोतल्या विहीणबाईंवर बोट ठेवलं. "आन् ही बघा, खरी माझ्या तिप्पट जाड, ती हितं शेवग्याची शेंग झालीया. त्यांनी पैसं चारलं व्हय तुमाला?"

आप्पा लेन्सचं शास्त्र समजावून सांगायला लागले, तेवढ्यात आई आतून चहा घेऊन आली आणि तिनं ते शास्त्र तिथंच थांबवलं. वरमाईंना तिनं चहा दिला, भडंग दिलं, दुसरा फोटो फुकट काढून द्यायचं कबूल केलं, आणि जीप वळणाआड गेल्यावर कमरेला पदर खोचून आप्पांपुढं उभी राहिली. "आजपास्नं ह्या भिंगानं माणूस काढायचा न्हाई. दगड काढा, झाडं काढा, पूल काढा. त्ये काय जीप घिऊन भांडाय येत न्हाईत."

आप्पांनी हा आदेश समजून अंमलात आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावर जाऊन गणपा नावाड्याला भेटले.

गणपाबद्दल सांगितलंच पाहिजे. माणूस सुकट बोंबलासारखा, पण मिशी त्याच्याहून भारी. होडीच्या टोकाला बसून वल्हं मारायचा आणि तोंडानं अखंड चालू. त्याची समजूत अशी की फोटो हा माणसाचा काढतात आणि होडीत बसलेली माणसं दोनच, त्यातला एक फोटो काढणारा, तेव्हा फोटो आपलाच. आप्पांनी कॅमेरा उचलला की हा हळूच कडेला झुकायचा. वाइड लेन्समध्ये तर झुकायचीही गरज नव्हती. पहिल्या रोलमध्ये सांगलीचा मोठा दगडी पूल कुठं अर्धा, कुठं पाव आला होता, आणि गणपाची मिशी प्रत्येक फोटोत अख्खी, तीही कडेला असल्यामुळं खऱ्याहून दुप्पट. त्यातला एक फोटो त्यानं मागून घेतला आणि घरात लावला.

होडीतून पूल काढणं हे काय काम आहे, ते काठावरच्या माणसाला कळायचं नाही. लांबून काढावा तर पूल काडीएवढा दिसतो आणि उरलेलं सगळं नुसतं आभाळ आणि पाणी. म्हणून जवळ जायचं, पार कमानींच्या पुढ्यात, आणि तिथून अख्खा पूल कवेत घ्यायचा. पण कवेत घेताना लेन्स आपली बोटं, होडीचं नाक, आईनं दिलेला डबा, सगळंच घेते. कॅमेरा जरा वर झाला की खांब एकमेकांवर रेलतात, जरा तिरका झाला की कृष्णामाई उताराला लागलेली दिसते. आणि पाणी एका जागी थांबत नाही. परवा नातवानं मला फोनवर एक बटण दाबून दाखवलं, दाबलं की सगळी खोली, पंखा, कोपऱ्यातला झाडू, सगळं आत. "आजी, वाइड!" म्हणाला. मी म्हटलं, आता हाच फोन घेऊन टोपलीत बस आणि टोपली नदीत सोड, मग बोलू.

आप्पांनी मला बरोबर न्यायला सुरुवात केली. कॅमेरा त्यांच्या गळ्यात, मी त्यांच्या पाठीमागं, आणि त्यांचा हुकूम, "रिपोर्ट." मी फौजी थाटात सांगायचं. पूल डावीकडं खाली झुकलाय. उजव्या टोकाला म्हशी. कठड्यावर एक माणूस, सायकल लावून उभा, खाली बघतोय. तिसऱ्या कमानीत धुणं धुणाऱ्या बाया. "म्हशी पाण्यात का भाईर?" "निम्म्या पाण्यात." "शाब्बास." मग क्लिक. मला वाटायचं, हे मला बघायला शिकवतायत. आणि मी शिकलेही. विश्रामबागेतल्या कॉलेजातून सिटी बसनं घरी येताना मी खिडकीतून मनातल्या मनात रिपोर्ट द्यायला लागले, कोण कुठल्या कडेला उभं आहे, काय मावतंय, काय कापलं जातंय. पासपोर्टचे आणि स्थळाचे फोटो काढणंही त्यांनी हळूहळू माझ्याकडं सोपवलं. "माणसांची तोंडं बघून कंटाळा आला गं. तूच काढ," म्हणायचे. मला त्याचा कोण अभिमान!

मग गावातल्या एका पतसंस्थेला नव्या वर्षाची दिनदर्शिका काढायची होती, आणि अध्यक्षसाहेबांनी आमच्या स्टुडिओत टांगलेला पुलाचा फोटो पाहिला. दर पानावर कृष्णेकाठचा एक पूल, वाईपासून सांगलीपर्यंत, अशी कल्पना निघाली. वरमाईंच्या प्रकरणानंतर लग्नाची कामं आटली होती. स्टुडिओ टिकायचा तर हे काम नीट व्हायला हवं, हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण आई आमच्या प्रत्येक दौऱ्याला धपाट्यांचा डबा भरताना त्यात दह्याचं भांडं जास्त प्रेमानं ठेवायला लागली, त्यावरून कळायचं. एसटीनं आम्ही वाईला गेलो, साताऱ्याला उतरून माहुलीला गेलो, कऱ्हाडला गेलो. कृष्णा सोडून कोयनेवर जायचं काही कारण नव्हतं, पण आप्पांना आपल्या गावचा पूल दिनदर्शिकेत हवाच होता. पाटणजवळ त्या दिवशी होडीच मिळेना. चुलते म्हणाले, होडी कशाला, काहील हाय की. काहील म्हणजे गूळ करायची घमेल्यासारखी अवाढव्य कढई. पुरात तिच्यात बसून लोक पलीकडं जातात, हे खरं. पण तिला पुढंमागं असं काही नसतं. आम्ही बसलो, चुलत्यांनी काठावरून ढकललं, आणि काहील पाण्यात शिरल्याबरोबर स्वतःभोवती फिरायला लागली.

"पूल आला!" मी ओरडले. क्लिक. "गेला! आता काका... आता रेडा... आता आंब्याचं झाड... आप्पा, पूल आला!"

"आगं, त्येला थांबव की जरा!"

"कुणाला? पुलाला?"

काठावर चुलते पोट धरून बसले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा आप्पा सरळ चालू शकत नव्हते, आणि त्या रोलमध्ये पूल, रेडा, काका, पूल असा फेर धरलेला निघाला. रेड्याचा फोटो फार सुंदर आला होता. आई म्हणाली, "ह्यो लावा की पतसंस्थेला."

शेवटचा फोटो सांगलीचा, आमच्या घाटावरचा मोठा दगडी पूल. तो मुखपृष्ठाला जाणार होता. अध्यक्षसाहेबांची इच्छा अशी की त्यात संचालक मंडळही असावं. आप्पांनी ठरवून दिलं की मंडळानं पुलाच्या पायथ्याला, नदीत वाळूचा जो पट्टा उघडा पडतो तिथं ओळीनं उभं राहावं, म्हणजे तोंडं ओळखू येतील. दिवाळी होऊन गेली होती, पाणी निवळलं होतं, आणि त्या सकाळी आई अचानक म्हणाली, "मी येनार."

आईला पाण्याची भीती. घाटावर कपडे धुतानासुद्धा ती खालच्या पायरीवर जायची नाही. आप्पा म्हणाले, "तू कशाला?" ती म्हणाली, "डबा कोन धरनार?" आणि चप्पल हातात घेऊन, डोळे मिटून, होडीत बसलीसुद्धा.

होडी मधे गेली. पुलावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज कमानींत घुमून दुप्पट होऊन खाली येत होता. इकडं मंडळ पायथ्याला आलं, तर वाळूच्या अलीकडं सगळा चिखल. नवं कोल्हापुरी पायताण घातलेले अध्यक्षसाहेब चिखलापाशी थबकले, काही बोलणं झालं, आणि सगळे मागं वळून चढण चढून पुलावर जाऊन कठड्याशी उभे राहिले. हे मला मागाहून कळलं, तेव्हा दिसलं नाही. मी होडीच्या तळाशी वाकून मांडीवरच्या, उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून अडकलेली फिल्म सोडवत होते. त्यामुळं रिपोर्ट द्यायला कुणी नव्हतं. ती सोडवून मी कॅमेरा आप्पांच्या हातात दिला आणि पिशवी आवरायला पुन्हा खाली वाकले.

वाळूच्या पट्ट्यावर बगळे उभे होते. पांढरेशुभ्र, ओळीनं.

आप्पा होडीत उठून उभे राहिले, कॅमेरा छातीशी धरला आणि परेडवरच्या आवाजात ओरडले, "साहेब, जरा दाटीनं उभं ऱ्हावा!"

बगळे हलले नाहीत.

"कडंचं फुडं या! हां, तुमीच! त्ये दुसरं साहेब खाली काय बघत्यात? मान वर करा म्हनावं!"

गणपा वल्हं सोडून लोळायला लागला. "आयला, हवालदार लय वांड मानूस! बगळ्यांचा गुरूप काडतोय!" मलाही हसू फुटलं. आप्पा कधी नव्हे ते विनोदाच्या लहरीत आलेत, असं मला वाटलं. पुलावरून अध्यक्षसाहेब दोन्ही हात हलवून ओरडत होते, "अहो, आम्ही इथं वर आहोत! वर!" त्या आरडाओरड्यानं बगळ्यांची ओळ उठली आणि पाण्यावरून खालच्या अंगाला निघून गेली.

आप्पांनी कॅमेरा खाली केला. "आता ही कुठं निघाली सगळी?" त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात विनोद नव्हता.

गणपाचं हसू मधेच तुटलं. मी आईकडं बघितलं. ती हसत नव्हती. डबा मांडीवर घट्ट धरून ती आप्पांकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर आश्चर्यसुद्धा नव्हतं.

आप्पा खाली बसले. सदऱ्याच्या टोकानं लेन्स पुसायला लागले. पुष्कळ वेळ पुसत होते. मग म्हणाले, "ऊन डोळ्यावर येतंय."

"ऊन पाठीमागं हाय," आई म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपली आपण सरकत जाऊन जागेवर बसली. वाइड लेन्सला फोकसची कटकट नसते. अंतराची खूण एकदा लावून ठेवली की जवळचं लांबचं सगळं आपोआप नीट येतं, बघायची गरज पडत नाही. पासपोर्टचे फोटो माझ्याकडं आले होते, कारण तिथं डोळ्यांवर फोकस करावा लागतो. आणि तो रिपोर्ट. म्हशी पाण्यात का बाहेर. पुढं आईनं मला विचारलं, "चहाच्या कपाचा कान रोज त्यांच्या हाताकडं वळवून ठिवते मी, तुला कवा दिसलं न्हाई?" खरंच दिसलं नव्हतं. मी कडेच्या म्हशी मोजण्यात गर्क होते.

होडी प्रवाहानं पुलापासून लांब सरकत चालली होती. वर मंडळ उन्हात उभं होतं. आई म्हणाली, "कॅमेरा पोरीकडं द्या." मोठ्यानं नाही, जसं 'पान वाढलंय' म्हणावं तसं.

"तिला जमायचं न्हाई."

"आवं, आजवर कुनाच्या डोळ्यानं जमवलं तुमी?"

मला वाटलं, आता ते गणपाला होडी काठाला घ्यायला सांगणार, फोटो नाही, दिनदर्शिका नाही, आणि घरी गेल्यावर कितीतरी दिवस कुणी कुणाशी बोलणार नाही. पण त्यांनी हळूच गळ्यातला पट्टा काढला. तो त्यांच्या कानात अडकला, तो आईनं सोडवला. मग त्यांनी माझा खांदा चाचपून तो पट्टा माझ्या गळ्यात घातला आणि फौजेत पहारा बदलताना बोलतात तसं म्हणाले, "चार्ज दिला."

आईनं मला कोपरानं ढोसलं.

"घेतला," मी म्हटलं.

त्याबरोबर आप्पा उठले आणि त्यांनी गणपाच्या शेजारचा लांब बांबू उचलला. "सरक रं गणपा. होडी मी धरतो." गणपा म्हणाला, "आवं पर दिसत न्हाई तुमास्नी..." आप्पा म्हणाले, "होडी धरायला डोळं कशाला लागत्यात? पाय हायत की." आणि त्यांनी बांबू तळाला टेकवला, पाय फाकवून उभे राहिले, आणि ती होडी, जी इतके दिवस आमच्या हाताबाहेर डोलत होती, खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली. ज्या माणसानं आयुष्यभर वाहत्या पाण्यात होड्या एका रेषेत धरल्या, त्याला ते नवीन नव्हतं. मला मात्र ते पहिल्यांदाच दिसत होतं.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. पूल मावेना. "आप्पा, मागं."

"मागं."

"अजून. डावीकडं. थांबा."

"थांबलो."

माझ्या आवाजाला ते हुकमासारखं मानत होते आणि मला आतून हसू येत होतं. पूल आता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आला, पण खालच्या कडेला जोडव्यांसकट आईचे पाय आले.

"आई, पाय घे."

"कुठं घिऊ? पान्यात टाकू?"

"वर घे, मांडी घाल. आन् गणपादादा, तुमी आडवं व्हा."

"मी? आडवा?" गणपाला धक्काच बसला. "शेवटच्या फोटूत मी न्हाई?" शेवटी मुखपृष्ठाचा फोटो झाल्यावर एक फक्त तुमचा काढीन असं वचन घेऊन तो होडीच्या तळाशी प्रेतासारखा पडला, मिशीवर हात ठेवून. मला कॅमेरा आणखी खाली हवा होता, पाण्याला टेकेल इतका, म्हणजे कमानी आणि त्यांच्या पडछाया मिळून पूर्ण गोल झाले असते. मी होडीच्या काठावरून बाहेर झुकले. झुकल्याबरोबर मागून माझी वेणी कुणीतरी ओढली. आईनं ती मनगटाभोवती गुंडाळून घेतली होती. पाण्याला एवढी भिणारी ती बाई, डोळे गच्च मिटून, डबा पायांत दाबून, वेणी धरून बसली होती. "काढ," ती म्हणाली, "पर लवकर काढ. लय जड झालीस तू."

पुलावर एक उसाची गाडी बरोबर मधल्या कमानीवर आली. पाणी क्षणभर गुळगुळीत झालं. मी बटण दाबलं.

लोक मला विचारतात, तुमचा पहिला फोटो कुठला. मी हाच सांगते. त्यात होडी दिसत नाही, बांबू दिसत नाही, वेणी दिसत नाही. नुसता अख्खा पूल आहे, न झुकलेला, न कापलेला.

अध्यक्षसाहेबांना मात्र तो पाहून धक्का बसला. स्टुडिओत येऊन ते काउंटरवर वाकले, चष्मा वर केला, खाली केला. "यात मी कुठं आहे?" हा प्रश्न आमच्या काउंटरनं आधी ऐकलेला होता. आईनं आतून भिंग आणून त्यांच्या हातात दिलं. "ही बघा की साहेब. मोहरीचं दानं हायत न्हवं का, त्यातला मधला. ताठ उभा हाय त्यो."

साहेबांनी भिंगातून निरखलं. "ताठ आहे खरा," ते म्हणाले. "पण ग्राहकांना भिंग कुठून द्यायचं?" शेवटी पुलाच्या वरच्या आभाळात, उजव्या कोपऱ्यात, लंबगोलात साहेबांचा हसरा फोटो छापायचं ठरलं. तोही मीच काढला, साध्या लेन्सनं, आईनं बजावून सांगितल्याप्रमाणं. त्या वर्षी गावातल्या पुष्कळ घरांत आमचा पूल लागला, आणि त्यावर सूर्यासारखे उगवलेले साहेब. पतसंस्थेनं पुढच्या वर्षीचं कामही दिलं. विषय होता मंदिरं, आणि ती जमिनीवर असतात या एकाच गोष्टीसाठी आईनं नवस बोलला असता.

आप्पांना मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात नेणं त्यापेक्षा अवघड गेलं. "एक डोळा चांगला हाय," असं त्यांचं म्हणणं. कोणता, ते मात्र रोज बदलायचं. शेवटी आईनं जेवायच्या वेळी त्यांच्या ताटात लिंबाच्या लोणच्याच्या जागी कच्ची हिरवी मिरची ठेवली, ती त्यांनी अख्खी तोंडात टाकली, आणि तो वाद तिथं संपला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवा कपडा बांधून ते माडीवर बसून राहायचे आणि मी खिडकीशी उभी राहून रस्त्याचा रिपोर्ट द्यायचे. आता त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो जास्त लांबायचा. भाजीवाली भांडतेय, कोण जिंकतंय, काय म्हणाली, असं सगळं.

जाड काचांचा चष्मा लागला त्या दिवशी ते घरभर हिंडले. कोपऱ्यातली जळमटं दाखवली, दाराचा उडालेला रंग दाखवला. मग आईसमोर येऊन थांबले. "आगं, तुझं केस पांढरं कवा झालं?"

"तुमी बघत नव्हता तवा," आई म्हणाली, आणि पातेलं उगाचच जोरात घासायला लागली.

शेवटी ते पुढच्या खोलीत आले. पुलाचा फोटो मी मोठा करून भिंतीला लावला होता. ते अगदी जवळ गेले, चष्म्याची काच फोटोला लागेल इतके. एका टोकापासून सुरुवात करून एकेका कमानीवरून बोट न लावता बोट फिरवत दुसऱ्या टोकाला पोचले. मी आतल्या दाराशी उभी. मग ते मागं सरले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "उजवीकडं केसभर खाली हाय."

"न्हाई," मी म्हटलं. "फोटो सरळ हाय. तुमी तिरकं हाय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, मान सरळ केली. बराच वेळ बघितलं.

तेवढ्यात रस्त्याकडच्या दारात कुणीतरी खाकरलं. खेड्यातला एक तरुण पोरगा, भरतीच्या कागदांना फोटो हवा होता, आप्पांना बघून त्यानं आपसूक टाच जोडली. "फोटू काडायचाय, हवालदारसाहेब. तुमीच काडता न्हवं?"

आप्पा काउंटरमागच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

"आत जा," ते त्याला म्हणाले. "फोटोग्राफर आत हायत."